घर चुकलंय तुमचं

सुप्रभाताई डहाके चंद्रपूरच्या शाळेत भूगोल शिकवत होत्या, तेव्हा पोरी त्यांना माघारी घारीबाई म्हणत. डोळे त्यांना वडिलांकडून मिळाले होते. वडील म्हणजे शशिधर मोहुर्ले, कोळसा खाणीतले सर्व्हेअर; उंच, सावळे, मोजकं बोलणारे. जन्म अठ्ठावीस सालचा, बल्लारपूरकडच्या एका खाणीच्या वस्तीवरचा. त्यांची आई तानूबाई खाणीवरच्या साहेबांच्या बंगल्यात कामाला होती, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. उरलेलं लोक डोळे बघून समजून घेत. मोहुर्ले हे आडनाव मामाचं, कारण मामानंच मुलाला वाढवलं आणि शिकवलं. सुप्रभाताईंनी लहानपणी एकदा विचारलं होतं की बाबा, तुमचे बाबा कोण? वडिलांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाले, "आपण मोहुर्ले." मग आईनं त्यांना स्वयंपाकघरात नेऊन बजावलं, हा प्रश्न या घरात पुन्हा काढायचा नाही.

त्यांनी तो पुन्हा काढला नाही. वडील ऐंशी ओलांडून गेले, आई गेली, पुढे सुप्रभाताईंचे यजमानही गेले, आणि एकुलत्या एका मुलानं, नकुलनं, त्यांना इंग्लंडात, रीडिंगला, आपल्याकडे आणलं. आता विचारायला कोणीच उरलं नव्हतं, आणि नेमका तेव्हाच तो प्रश्न त्यांच्या मनातून जाईना. दुपारचं घर रिकामं असायचं. नकुल आणि सून ऋजुता दोघं ऑफिसात. सुप्रभाताई खिडकीशी बसून समोरच्या गल्लीतून येणारीजाणारी माणसं बघत, आणि त्यांच्या लक्षात आलं की आपण त्यांचे डोळे बघतो आहोत.

हे त्यांनी एकदा ऋजुताला हसत हसत सांगितलं. ऋजुता हसली नाही. तिनं आठवडाभरात डीएनए टेस्टचं किट मागवलं. "आई, नळीत थुंकायचं आणि पोस्टात टाकायचं, बाकी काही नाही," ती म्हणाली. नकुल जरा कुरकुरला. आजोबांनी जे झाकून ठेवलं ते आपण कशाला उघडायचं, असं त्याचं म्हणणं. पण आईचा चेहरा पाहून तो गप्प बसला.

दीड महिन्यानं निकाल आला. वेबसाइटवर लांबच्या लांबच्या नातेवाइकांची शेकडो नावं होती, आणि सगळ्यांत वर, बाकीच्यांपेक्षा कितीतरी जवळचं, एक नाव होतं. इद्रिस प्रॉसर, साउथ वेल्स.

ऋजुतानं त्यांना मेसेज लिहून दिला. चार दिवसांनी फोनच आला. इद्रिस त्र्याऐंशी वर्षांचे होते, रेल्वेत सिग्नलमन म्हणून निवृत्त झालेले, बायको वारलेली, मूलबाळ नाही. टेस्ट त्यांनी गंमत म्हणून, चॅपलमधल्या, म्हणजे गावच्या छोट्या चर्चमधल्या, एका मित्राच्या आग्रहानं केली होती. इंडियातली एक बाई आपली जवळची नातेवाईक निघावी, याचं त्यांना नवल वाटलं, पण धक्का बसला नाही. कारण घरात एक जुनी गोष्ट होती. सव्वीस सालच्या संपानंतर वेल्सच्या खोऱ्यांतल्या खाणी ओस पडल्या तेव्हा त्यांचे वडील ग्विलिम आणि काका टॉम, दोघे भाऊ, पोटासाठी बोटीत बसून इंडियातल्या एका कोळसा खाणीवर गेले होते. टॉम तिथेच तापानं मेला, तीस साली. ग्विलिम पुढच्या वर्षी एकटे परत आले, लग्न केलं, आणि त्यांना दोन मुलं झाली: मोठी ऑल्वेन, धाकटे इद्रिस.

म्हणजे शशिधर मोहुर्ले या दोघा भावांपैकी एकाचे. वेबसाइट काही निश्चित सांगेना. ग्विलिम बाप असतील तर इद्रिस हे शशिधर यांचे सावत्र भाऊ; टॉम असेल तर चुलत भाऊ. जुळलेल्या अंशांवरून दोन्ही शक्य होतं.

"टॉमच असणार," इद्रिस ठामपणे म्हणाले. त्यांचे वडील चॅपलचे डीकन, म्हणजे मानाचे कारभारी होते, चाळीस वर्षं रविवारच्या प्रार्थनेत पुढे उभं राहून गात. पोटच्या मुलाला मागे टाकून येणारा माणूस तो नव्हे.

सुप्रभाताईंनी ते आनंदानं मान्य केलं. त्यांनाही टॉमच हवा होता. मेलेला माणूस परत येत नाही, त्यात कुणाचा दोष नाही. आपल्या वडिलांना कुणी टाकलं नव्हतं, ते फक्त पोरके झाले होते, असं आता म्हणता येत होतं. त्या रात्री त्यांनी वडिलांच्या फोटोपुढे उदबत्ती लावली आणि मनातल्या मनात सांगितलं, बाबा, लागला पत्ता. तुम्हाला जे कळलं नाही ते मी शोधून काढलं.

मग जाणंयेणं सुरू झालं. रीडिंगहून कार्डिफ आणि तिथून खोऱ्यात चढत जाणारी छोटी गाडी, की आलं इद्रिसचं ब्रिनग्लास. डोंगराच्या कुशीत एकाला एक चिकटलेल्या घरांच्या रांगा, वर हिरवे उतार, आणि खाण कधीच बंद. पहिल्या वेळी इद्रिस स्टेशनवर टाय लावून उभे होते. सुप्रभाताई डब्यातून उतरल्या आणि दोघेही काही क्षण नुसते बघत राहिले, कारण डोळे तेच होते. ऋजुतानं त्या दोघांचा फोटो काढून नकुलला पाठवला.

इद्रिसनी त्यांना आपलं गाव दाखवलं, तव्यावरचे वेल्श केक करून घातले. सुप्रभाताई पुढच्या खेपेला सांज्याच्या पोळ्या घेऊन गेल्या. त्यांनी म्हाताऱ्याला सांगितलं की आमच्यात वडिलांच्या भावाला काका म्हणतात.

"पण मी तर चुलत भाऊ," इद्रिस म्हणाले.

"चुलत असला तरी काकाच. आम्ही फरक करत नाही."

त्यांना तो शब्द फार आवडला. काका. वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी त्यांना कुणीतरी नात्यानं हाक मारत होतं. दर रविवारी चॅपलमधून आल्यावर ते रीडिंगला फोन करत, "काका बोलतोय," म्हणत, आणि पुढे तासभर हवापाणी, गुडघे आणि बागेतल्या गोगलगाई. नकुललाही ते आवडू लागले. सुप्रभा हे नाव कसं उच्चारायचं हे शिकायला इद्रिसना महिना लागला, मग त्यांनी सरळ सुप्री करून टाकलं. बाबांनंतर कुणी सुप्रभाताईंना लाडकं नाव ठेवलं नव्हतं.

सप्टेंबरमध्ये इद्रिस म्हणाले, आता ऑल्वेनला भेट. मोठी बहीण, शहाऐंशीची, केअर होममध्ये होती. कधी कधी गोंधळते, त्यांनी आधीच सांगितलं. तिला टेस्टचं वगैरे त्यांनी काही सांगितलं नव्हतं. समोरासमोर सांगू म्हणाले. ऋजुतानं रजा काढली आणि त्या दोघी निघाल्या.

ऑल्वेन खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या, पांढरे केस नीट विंचरलेले, मांडीवर शाल. इद्रिसनी ओळख करून द्यायला तोंड उघडलं, तोवर त्यांनी सुप्रभाताईंकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "तो नीट पोचला का घरी?"

इद्रिस खाली वाकून म्हणाले, ऑल्वेन, ही सुप्री. इंडियाहून. पण त्या त्यांच्याकडे बघतच नव्हत्या.

"तुझे वडील ना ते? शशी. कपाळ तेच आहे. मी कितीदा मनात म्हटलं, नीट पोचला असेल का."

 शशी हे नाव सुप्रभाताईंनी इकडे कधी कुणाला सांगितलं नव्हतं. इद्रिसशी बोलताना त्या नेहमी माझे वडील एवढंच म्हणत. त्या खुर्ची ओढून ऑल्वेनच्या अगदी जवळ बसल्या आणि विचारलं की तुम्ही त्यांना कुठे भेटलात.

ऑल्वेननी सांगितलं. मधे मधे थांबत, पण कुठेही न अडखळता.

पंचावन्न साल होतं. त्या सोळा वर्षांच्या. शनिवार दुपार, पाऊस, आई मावशीकडे गेलेली, इद्रिस गाण्याच्या तालमीला. दार वाजलं म्हणून त्या पुढच्या खोलीतून पॅसेजमध्ये आल्या, तोवर वडिलांनी दार उघडलं होतं. बाहेर एक तरुण उभा होता, कोट घातलेला, टाय लावलेला, पूर्ण भिजलेला. आणि त्यानं बूट काढलेले होते. दार उघडायच्या आधीच त्यानं ते काढून पायरीच्या कडेला नीट लावून ठेवले होते आणि तो नुसत्या मोज्यांवर ओल्या पायरीवर उभा होता.

 ऋजुतानं सुप्रभाताईंच्या खांद्यावर हात ठेवला.

तो तरुण म्हणाला, मी यॉर्कशायरच्या खाणीत ट्रेनिंगला आलो आहे, पुढच्या महिन्यात परत जाणार. माझ्या आईचं नाव तानू. ती आता नाही. मरताना तिनं मला या गावाचं आणि तुमचं नाव सांगितलं. मला काही नको आहे. फक्त तुम्हाला एकदा पाहावं म्हणून आलो.

"आणि ग्विलिम काय म्हणाले?" ऋजुतानंच विचारलं.

"म्हणाले, घर चुकलंय तुमचं," ऑल्वेन म्हणाल्या. "ओरडले नाहीत. अगदी सभ्यपणे म्हणाले. पोस्टमनशी बोलावं तसं. आणि दार लावून घेतलं."

इद्रिस मधेच म्हणाले की ऑल्वेन, तुझा घोटाळा होतोय, तू कुणातरी दुसऱ्याबद्दल बोलते आहेस. त्यांनी सुप्रभाताईंना समजावल्यासारखं सांगितलं की हिला हल्ली असं होतं. ऑल्वेननी त्यांचं बोलणं संपू दिलं आणि मग पुढे सांगायला लागल्या.

वडिलांनी त्यांना टेबल मांडायला सांगितलं. त्यांनी खिडकीतून पाहिलं, तर तो माणूस पायरीवर वाकून बुटांचे बंद बांधत होता. बंद भिजले होते, गाठ बसत नव्हती. त्याला फार वेळ लागला. आपल्याच दारात, पाठमोरा, वाकलेला. मग तो उतारावरून खाली गेला. त्या दूध आणायचं निमित्त करून मागनं धावल्या. बसस्टॉपवर तो एकटाच होता. त्यानं त्यांचं नाव विचारलं, मग आपलं सांगितलं. आणि मग त्यानं विचारलं, वडील तुझ्याशी चांगले वागतात ना?

"मी म्हटलं, हो. फार चांगले आहेत. ते खरंच होतं. त्यांनी माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता." ऑल्वेननी शालीचं टोक बोटाला गुंडाळलं. "तो म्हणाला, मग बरं झालं. एवढंच. बस आली. तो चढला. टोपी काढून मला नमस्कार केला, मी जणू मोठी बाई आहे असा. तेव्हापासून मला वाटतं, मी नाही म्हटलं असतं तर त्याला कमी लागलं असतं का."

 बाहेर कॉरिडॉरमधून चहाची ट्रॉली खडखडत गेली.

"दुसऱ्या दिवशी चॅपलमध्ये बाबा नेहमीसारखे गायले," ऑल्वेन म्हणाल्या. "मी कान देऊन होते. आवाज कापतो का बघत होते. नाही कापला."

इद्रिस उठून खोलीबाहेर गेले.

सुप्रभाताईंनी ऑल्वेनचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि सांगितलं की ते नीट पोचले. परत येऊन त्यांनी लग्न केलं, आम्ही तीन मुलं झालो, खाणीत सगळे त्यांना मान देत. झोपेतच गेले, काही त्रास झाला नाही. ऑल्वेन प्रत्येक वाक्याला मान हलवत होत्या. शेवटी म्हणाल्या, बरं झालं सांगितलंस बाख, आणि डोळे मिटून घेतले. बाख म्हणजे तिकडे बाळा म्हणतात तसं.

इद्रिस बाहेर आपल्या मोटारीत बसलेले होते. त्यांनी दोघींना स्टेशनवर आणलं. गाडी थांबवून, समोरच बघत म्हणाले, "माझे वडील असे नव्हते."

"मला माहीत आहे," सुप्रभाताई म्हणाल्या. आणि त्यांना खरंच तसं वाटत होतं. इद्रिसना लाभलेले वडील तसे नव्हतेच. तो दुसराच कुणी होता, जो फक्त एकदा, एका दुपारी, दार उघडायला आला होता.

त्या रविवारी फोन आला नाही. पुढच्याही नाही. सुप्रभाताईंनी केला तर वाजून वाजून बंद झाला. ऋजुतानं मेसेज पाठवला, त्याला उत्तर आलं की तब्येत बरी नाही, गर्दी नको वाटते. नोव्हेंबरात एके दुपारी सुप्रभाताईंनी ती वेबसाइट सहज उघडली. सगळ्यांत वर भोपाळचा कुणी चौथ्या पिढीतला भाऊबंद होता. इद्रिस प्रॉसर हे नाव कुठेच नव्हतं. त्यांनी पान पुन्हा पुन्हा उघडलं, मग ऋजुताला दाखवलं. तिनं बघून सांगितलं की आई, त्यांनी आपली टेस्टच काढून टाकली आहे. आता ती जुळणी कुणालाच दिसणार नाही.

सुप्रभाताईंनी एवढंच विचारलं, की मग रक्तातली पण जाते का गं? ऋजुतानं ते पान बंद केलं.

त्या दिवसांत त्यांचं जेवण तुटलं. नकुलला वाटे, आईला त्या म्हाताऱ्याचं लागलं आहे. पण त्यांना लागलं होतं ते वेगळंच. त्यांनी वडिलांच्या फोटोला किती ऐटीत सांगितलं होतं, तुम्हाला कळलं नाही ते मी शोधलं. आणि वडिलांना सगळं कळलेलं होतं. पंचावन्न सालापासून. त्यांनी शोधलं होतं, पत्ता काढला होता, दारापर्यंत गेले होते, आणि परत येऊन चौपन्न वर्षं एका शब्दानं कुणाला सांगितलं नव्हतं. आईला माहीत असेल का? आपण म्हणूनच तर विचारायचं नव्हतं का? त्यांना आठवे, शाळेतून येऊन त्या हट्ट करत की इंग्लंडची गोष्ट सांगा. वडील यॉर्कशायरचं बर्फ सांगत, लिफ्टमधून खाणीत उतरतानाचा वारा सांगत, घरमालकिणीच्या मांजराची नक्कल करत. वेल्सचं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. नकाशा शिकवतानाही नाही.

फेब्रुवारीत इद्रिसचा फोन आला. आवाज म्हातारा झाला होता. ऑल्वेन गेली, त्यांनी सांगितलं. गुरुवारी चॅपलमध्ये प्रार्थना आहे. ती शेवटच्या आठवड्यात तुझं नाव घेत होती, म्हणून कळवतोय. मग म्हणाले, "आलीस तर... लोक विचारतील. तू कोण म्हणून सांगू?"

"तुम्हाला सोपं पडेल ते सांगा," सुप्रभाताई म्हणाल्या.

नकुल म्हणाला, अजिबात जायचं नाही. त्याला इतकं चिडलेलं त्यांनी क्वचितच पाहिलं होतं. पण त्या गेल्या, आणि ऋजुता त्यांच्याबरोबर गेली. चॅपल लहान होतं, गार, लाकडी बाकांचं. दोघी शेवटच्या बाकावर बसल्या. गाणी वेल्शमध्ये होती. शब्द कळत नव्हते, पण सगळं गाव चार सुरांत गात होतं आणि भिंती भरून गेल्या होत्या. इद्रिस पहिल्या बाकावर एकटे उभे होते. घरचं माणूस म्हणून त्यांच्या बाजूला कुणी नव्हतं. सुप्रभाताई शेवटच्या बाकावरून त्यांच्या पाठीकडे बघत राहिल्या.

नंतर ते दारापाशी उभे राहून एकेकाचा हात हातात घेत होते. सुप्रभाताईंची पाळी आली तेव्हा शेजारच्या एका बाईनं कुतूहलानं विचारलं की या कोण. इद्रिसचे ओठ हलले. मग म्हणाले, "ऑल्वेनला केअर होममध्ये भेटायला यायच्या." आणि सुप्रभाताईंना म्हणाले, "आलात, आभारी आहे, मिसेस डहाके." त्यांनी हात मात्र सोडला नाही. घट्ट धरून ठेवला, इतका की मागच्या माणसांना थांबावं लागलं, आणि त्यांच्या घाऱ्या डोळ्यांत पाणी तुडुंब भरलं. सुप्रभाताईंनीच हळूच हात सोडवून घेतला आणि पायऱ्या उतरल्या.

परतीच्या गाडीत ऋजुता धुमसत होती. एवढं सगळं कळूनसुद्धा, ती म्हणाली, या माणसानं तेच केलं जे त्याच्या बापानं केलं.

"नाही गं," सुप्रभाताई म्हणाल्या. "तो त्र्याऐंशीचा आहे. या वयात बाप बदलून घेता येत नाही."

कार्डिफ मागे पडलं. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "ऋजुता, नकुलचं वय काय आता?"

"छत्तीस, आई. का हो?"

"बाबा तेव्हा, त्या दारात, सत्तावीस वर्षांचे होते." त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "मी आपली आजवर म्हातारे बाबाच डोळ्यासमोर आणत होते तिथे. पांढऱ्या केसांचे. सत्तावीस म्हणजे पोरच की गं. बसमध्ये बसल्यावर काय केलं असेल त्यानं? यॉर्कशायरपर्यंत किती लांब. सोबत कुणी नाही. काही खाल्लं असेल का?"

आणि मग त्या रडायला लागल्या. सत्तर वर्षांपूर्वीच्या त्या पोरासाठी, आई आपल्या लेकरासाठी रडते तशा, डब्यात माणसं आहेत याचं भान न ठेवता. ऋजुतानं त्यांना जवळ घेतलं. गाडी बोगद्यात शिरली, बाहेर निघाली, पलीकडे सपाट शेतं लागली, तरी त्या तेच विचारत होत्या, काही खाल्लं असेल का गं त्यानं.